काळ्या गाऱ्यातील ट्रॅक्टर आणि चाकांची पकड

मृगाचा पाऊस पडून गेला की दर्यापूर तालुक्यातील काळ्या रानात दरवर्षी एकच दृश्य दिसते. पेरणीची घाई सर्वांनाच असते. भाड्याच्या ट्रॅक्टरचा क्रमांक लागलेला असतो आणि मालक धुऱ्यावर उभा राहून आभाळाकडे पाहत असतो. ट्रॅक्टर शेतात उतरतो, दोन तासे नीट जातात आणि तिसऱ्या तासाला मागील चाके जागच्या जागी फिरू लागतात. चालक इंजिनाचा वेग वाढवितो, तसतशी चाके अधिक खोल जातात. थोड्याच वेळात आसाचे घर जमिनीला टेकते. मग दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो. कधी कधी पहिल्याला काढण्यासाठी आलेला दुसराही त्याच गाऱ्यात रुततो व गावातील अर्धा दिवस त्यातच जातो.

या प्रकारात केवळ वेळ व डिझेल वाया जाते असे नाही. रुतलेला ट्रॅक्टर चुकीच्या रीतीने बाहेर काढताना तो मागे उलटून चालकाचा जीव जाऊ शकतो. दुसरे नुकसान डोळ्यांना लगेच दिसत नाही. ओल्या काळ्या जमिनीवर घसरत्या चाकाने केलेला घाव त्या हंगामात भरून येत नाही. यास्तव चाकाची पकड कशावर अवलंबून असते व ती कोणत्या उपायाने वाढते, हे ट्रॅक्टर बाळगणाऱ्या व भाड्याने लावणाऱ्या अशा दोन्ही शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातील जमीन

अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस पसरलेला खारपाणपट्टा सुमारे ४.७ लाख हेक्टरांचा आहे. चंद्रभागेच्या काठचे दर्यापूर या पट्ट्यातच येते. येथील मातीत चिकण कणांचे प्रमाण बहुधा निम्म्याहून अधिक असते. हे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले म्हणजे आकसतात. उन्हाळ्यात ज्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो, त्याच भेगा आषाढात पूर्ण मिटलेल्या असतात. काळ्या जमिनीचा हा गुण सर्व वऱ्हाडात आहे. परंतु खारपाणपट्ट्यात त्यात सोडियमची भर पडते. सोडियमने भारलेले चिकण कण पाण्यात एकमेकांपासून सुटे होतात, मातीची बारीक छिद्रे बुजवितात आणि पाणी खाली मुरू देत नाहीत. वार्षिक पाऊस ७०० ते ८०० मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे कोकणाच्या मानाने अगदी थोडा. पण जो पडतो तो वरच्या थरात रेंगाळतो. म्हणून अंजनगावकडील निचऱ्याच्या जमिनीत वाफसा आला तरी पूर्णाकाठच्या रानात अजून पाय घोट्यापर्यंत जातो, हा अनुभव सर्वांचाच आहे.

ट्रॅक्टरचे चाक जमिनीला मागे ढकलते आणि त्या प्रतिक्रियेने ट्रॅक्टर पुढे जातो. जमीन हे ढकलणे दोन प्रकारे सोसते. एक म्हणजे घर्षण. चाकावर जितका भार अधिक तितके घर्षण अधिक. दुसरा म्हणजे मातीच्या कणांची एकमेकांना धरून राहण्याची शक्ती. ही भारावर अवलंबून नसते. चाकाचा जितका पृष्ठभाग मातीला भिडेल तितकी ती अधिक मिळते. वाळूत किंवा कोरड्या मुरमाड जमिनीत पहिल्या शक्तीचा वाटा मोठा असतो. पाण्याने तुडुंब झालेल्या चिकण मातीत घर्षणाचा वाटा जवळजवळ नाहीसा होतो आणि केवळ दुसरी शक्ती उरते.

हा भेद ज्याने नीट ध्यानात घेतला त्याला पुढचे सर्व उपाय आपोआप उमगतात. चाक घसरले की वजन वाढवावे, असा सरसकट समज आहे. कोठे तो खरा ठरतो, तर कोठे नेमका उलटा पडतो.

बर्फाचे दोन प्रकार, गाऱ्याचे दोन प्रकार

ज्या देशांत हिवाळ्यात शेतांवर व रस्त्यांवर बर्फ साठते, तेथील शेतकऱ्यांना हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने सोडवावा लागतो. त्यांचा अनुभव आपणांस उपयोगी पडण्यासारखा आहे. बर्फ दोन तऱ्हांनी आडवे येते. रस्त्यावर गोठून काचेसारखे झालेले कठीण बर्फ ही पहिली तऱ्हा. त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो व चाक त्यावरून घसरते. अशा बर्फावर चाकावरील भाराच्या दहाव्या हिश्शाइतकीही ओढ मिळणे कठीण होते. तेथे उपाय असा की बर्फात रुतेल अशी एखादी टोकदार किंवा धारदार वस्तू चाकावर हवी. म्हणून चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात किंवा टायरमध्ये पोलादी खिळे बसवितात. आपल्याकडे लडाखच्या व हिमाचल प्रदेशातील उंच घाटांच्या रस्त्यांवर हिवाळ्यात वाहनांना अशाच साखळ्या बांधल्या जातात.

दुसरी तऱ्हा खोल व भुसभुशीत हिमाची. तेथे चाक घसरण्यापूर्वी बुडते. टोकदार वस्तूचा येथे उपयोग नाही. भार मोठ्या पृष्ठभागावर पसरावा लागतो. एडमंड हिलरी यांनी दक्षिण ध्रुवाकडे नेलेले ट्रॅक्टर हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ते साधे फर्ग्युसन बनावटीचे शेतीचे ट्रॅक्टर होते. त्यांच्या पुढील व मागील चाकांवरून रबरी पट्टे चढविलेले होते व त्यामुळे भार लांबरुंद पट्ट्यावर विभागला जात होता. ४ जानेवारी १९५८ रोजी असे तीन ट्रॅक्टर ध्रुवावर पोहोचले. अखेरच्या टप्प्यात हिम इतके मऊ लागले की ओझे कमी करण्यासाठी बरेच सामान वाटेत टाकावे लागले, आणि पोहोचले तेव्हा इंधन अगदी थोडे उरले होते. शेतीच्या साध्या यंत्राने असा प्रवास केला, यात यंत्राच्या शक्तीपेक्षा चाकाखालच्या विचाराचा भाग मोठा होता.

वऱ्हाडातही गाऱ्याच्या दोन तऱ्हा आहेत. उन्हाळी नांगरट केलेल्या किंवा तापलेल्या टणक जमिनीवर अर्धा-पाऊण इंचाची सर येऊन गेली म्हणजे वरचा बोट-दोन बोटांचा थर लोण्यासारखा होतो व खाली जमीन कोरडी व कठीण असते. पांदणीच्या वाटेवर व धुऱ्याच्या कडेने हे विशेष आढळते. हा गारा कठीण बर्फासारखा वागतो. दुसरी तऱ्हा म्हणजे आठ-दहा दिवसांच्या झडीनंतरचे रान. तेथे वीतभर किंवा त्याहून खोल चिखल असतो व खाली आधार लवकर लागत नाही. तो हिमासारखा वागतो. पहिल्या प्रकारात वजन व उंच दातरे उपयोगी पडतात, कारण ती निसरडा थर फोडून खालच्या टणक जमिनीला भिडतात. दुसऱ्या प्रकारात वजन वाढविणे म्हणजे ट्रॅक्टर बुडविण्याची सोय करणे होय.

टायर : दातरे, दिशा व हवा

सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना लोखंडी चाके व त्यांवर फावड्यासारखे पाते असत. १९३२ साली अमेरिकेतील ॲलिस-चामर्स कंपनीने हवेचे रबरी टायर लावलेला ट्रॅक्टर बाजारात आणला आणि थोड्याच वर्षांत लोखंडी चाके मागे पडली. रबरी चाकाने वेग व आराम दिला, पण ओल्या मातीत रुतणाऱ्या त्या पात्यांची धार मात्र गेली. टायरवरील तिरकस दातरे त्याच पात्यांचे काम अंशतः करतात. म्हणून दातऱ्यांची उंची हा पकडीचा पहिला आधार आहे. वैशाखातील कोरड्या जमिनीत झिजलेला टायरही फारसा अडत नाही. आषाढात मात्र त्याचे खरे स्वरूप उघडे पडते. नव्या टायरच्या दातऱ्यांची उंची ट्रॅक्टर घेताच मोजून लिहून ठेवावी. ती चौथ्या हिश्शावर आली म्हणजे तो टायर पावसाळी कामास निरुपयोगी झाला असे समजावे.

दातऱ्यांची दिशाही महत्त्वाची आहे. टायरच्या अंगावर फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असतो. चाक पुढे जात असताना दोन ओळींच्या दातऱ्यांचे मधले टोक जमिनीस आधी टेकले पाहिजे, म्हणजे माती मधून बाहेरच्या बाजूस रेटली जाते व दातऱ्यांमधील जागा मोकळी होते. पंक्चर काढल्यानंतर किंवा डावे-उजवे चाक बदलताना टायर उलटा बसविला गेल्यास माती आत कोंबली जाते आणि चाक गुळगुळीत लाटण्यासारखे होते. दुकानातून परत आलेले चाक चढविण्यापूर्वी बाणाकडे एकदा पाहण्यास क्षणाचाही खर्च नाही.

हवेच्या दाबाबाबत मोठी अनास्था आढळून येते. मळणीनंतर धान्य किंवा कापूस बाजारात नेण्यासाठी मागील टायरांत हवा कडक भरली जाते आणि तीच हवा घेऊन ट्रॅक्टर पुन्हा शेतात उतरतो. कडक टायर जमिनीस अरुंद पट्टीवर टेकतो. भार तोच, पण पट्टी लहान; त्यामुळे तो अधिक रुततो व कमी ओढतो. शेतकामासाठी मागील टायरांत सामान्यतः १२ ते १४ पौंड दाब पुरेसा असतो. अचूक आकडा ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेत पाहावा. दाब उतरविल्यावर टायरची बाजू किंचित फुगलेली दिसते व दातऱ्यांच्या दोन्ही कडा मातीस भिडतात. याहून फार खाली जाऊ नये. हवा अतिशय कमी झाल्यास टायर रिंगवर सरकतो, ट्यूबचा व्हॉल्व तुटतो आणि बाजूस चिरा पडतात. तसेच कमी हवेवर भरलेली ट्रॉली घेऊन मूर्तिजापूरपर्यंत डांबरी रस्त्याने जाणे म्हणजे टायर तापवून नासविणे होय. यासाठी दाब मोजण्याचे साधन व पायाने चालणारा पंप ट्रॅक्टरवर असलाच पाहिजे. ट्रॅक्टरच्या किमतीपुढे त्यांचा खर्च नगण्य आहे.

वजन : पाण्याचे व लोखंडाचे

टणक जमिनीवरील निसरड्या थरासाठी व उन्हाळी खोल नांगरटीसाठी मागील चाकांवर वजन हवे असते. ते दोन रीतींनी देता येते. चाकाच्या तबकडीस ओतीव लोखंडी वजने बसविता येतात. ती लावणे व काढणे दोन माणसांचे अर्ध्या तासाचे काम आहे. दुसरी रीत टायरमध्ये पाणी भरण्याची. चाक किंचित उचलून व्हॉल्व सर्वांत वर येईल असे फिरवावे, आतील नळी काढून पाणी सोडावे आणि ते व्हॉल्वच्या पातळीपर्यंत आले म्हणजे थांबावे. अशा रीतीने टायर सुमारे तीन-चतुर्थांश भरतो. उरलेल्या जागेत हवा भरून दाब पूर्ववत करावा. १३.६-२८ मापाच्या एका टायरमध्ये सुमारे २०० लिटर, म्हणजे दोन चाकांत मिळून सुमारे ४०० किलो वजन या रीतीने वाढते.

थंड देशांत हे पाणी गोठून टायर निकामी होऊ नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड विरघळवितात. वऱ्हाडात त्याची काहीच आवश्यकता नाही. उलट तो क्षार रिंग व व्हॉल्व गंजवितो. याच कारणास्तव खारपाणपट्ट्यातील विहिरींचे खारे पाणी टायरमध्ये भरू नये, नळाचे किंवा पावसाचे गोडे पाणी वापरावे.

पाण्याच्या वजनाचा एक मोठा दोष आहे. ते पटकन काढता येत नाही. नांगरटीसाठी वैशाखात भरलेले पाणी श्रावणातील गाऱ्यातही चाकांत तसेच राहते, आणि तेव्हा ते बुडण्यास मदत करते. शिवाय पाण्याने भरलेला टायर कमी लवचिक असल्यामुळे दाब उतरविण्याचा लाभही पूर्ण मिळत नाही. खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याने लोखंडी वजने पसंत करावीत व पेरणीपूर्वी ती उतरवून ठेवावीत, हे अधिक हिताचे. पुढील बाजूचा तोलही विसरता कामा नये. दोन चाकांच्या ओढीच्या ट्रॅक्टरचा सुमारे एक-तृतीयांश भार पुढील आसावर असावा लागतो. मागे जड अवजार उचललेले असताना पुढचा भाग हलका होऊन ट्रॅक्टर वळेनासा झाला, तर पुढे वजने लावणे अपरिहार्य आहे.

ट्रॅक्टरला न जोडता मिळणारे एक वजन मात्र फार थोडे चालक वापरतात. हॅरी फर्ग्युसन यांच्या तीन-बिंदू जोडणीत नांगरावर येणारी मातीची ओढ मागील चाकांवर भार म्हणून उतरते. आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांत ही सोय आहे व तिच्यासाठी स्वतंत्र दांडा दिलेला असतो. मातीची ओढ वाढली की अवजार आपोआप किंचित उचलले जाते आणि चाक घसरण्यापूर्वीच सावरते. अनेक ठिकाणी हा दांडा कायमचा एका जागी बसवून सर्व कामे दुसऱ्याच दांड्याने केली जातात. नवीन ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याच्या यांत्रिकाकडून शेतात उभे राहून याचे प्रात्यक्षिक करून घ्यावे.

घसरण मोजण्याची सोपी रीत

चाक किती घसरते हे नजरेने ओळखण्यात बहुधा चूक होते. मागील टायरवर खडूने एक ठळक खूण करावी. अवजार वर उचलून ट्रॅक्टर चालवावा व चाकाचे दहा फेरे झाले की गेलेले अंतर मोजावे. मग त्याच जमिनीत अवजार टाकून काम करीत पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३४ मीटर भरले तर ६ मीटर वाया गेले, म्हणजे घसरण १५ टक्के झाली. शेतात ८ ते १५ टक्के घसरण स्वाभाविक आहे. ती अगदीच कमी असेल तर ट्रॅक्टरवर विनाकारण जास्त वजन वाहिले जात आहे असे समजावे. १५ च्या वर गेल्यास दाब, वजन, अवजाराची खोली व सर्वांत आधी जमिनीची ओल तपासावी. १० टक्के घसरणीवर जे काम एका तासात होते, त्यास ३० टक्के घसरणीवर सुमारे ७७ मिनिटे लागतात. तासावर भाडे मोजणाऱ्या शेतकऱ्याने हा हिशेब विशेष ध्यानी ठेवावा. गाऱ्यात फिरणाऱ्या चाकाचे पैसे त्याच्याच खिशातून जातात.

साखळ्या, जाळीची चाके व चार चाकांची ओढ

बर्फाळ देशांतील साखळ्या आपल्या निसरड्या पांदणीवरही उपयोगी पडू शकतात. परंतु मोटारीच्या साखळ्यांची शिडीसारखी बांधणी ट्रॅक्टरच्या टायरवर चालत नाही, कारण आडव्या कड्या दोन दातऱ्यांच्या मधल्या खाचेत जाऊन बसतात व निरुपयोगी होतात. तिरकस जाळीच्या बांधणीची साखळीच ट्रॅक्टरला लागते. ती बांधल्यावर चाकाच्या वरील पत्र्यास किंवा जोडणीच्या दांड्यास घासत नाही याची खात्री करावी. डांबरी रस्ता लागताच ती उतरवावी. खोल गाऱ्यात मात्र साखळी मातीने लडबडून काही क्षणांतच गुळगुळीत होते. तेथे तिचा खर्च करू नये.

भंडारा व गोंदिया या धानाच्या जिल्ह्यांत चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लोखंडी जाळीची चाके जोडतात. त्यांमुळे चाकाची रुंदी वाढते व भार पसरतो. काळ्या कोरडवाहू जमिनीत त्यांचे यश ओलीवर अवलंबून असते. काळी माती पाण्याने पूर्ण भरलेली असते तेव्हा ती कमी चिकटते. पूर्ण कोरडी असतानाही चिकटत नाही. या दोहोंच्या मध्ये, म्हणजे कणकेसारखी झालेली असताना, ती लोखंडास व रबरास सर्वांत अधिक बिलगते. वखराची पास ज्या ओलीत मातीने भरते, त्याच ओलीत जाळीची चाकेही भरतात. बैलांची जोडी हाकणाऱ्या शेतकऱ्यास ही ओल पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती व त्या दिवशी तो वखर उचलून ठेवी. ट्रॅक्टरच्या शक्तीमुळे हे शहाणपण मागे पडू लागले आहे. जाळीची चाके लावलेला ट्रॅक्टर डांबरी रस्त्याने नेल्यास रस्ता उखडतो, म्हणून ती शेतावरच चढवावीत व उतरवावीत.

चारही चाकांना ओढ देणारे ट्रॅक्टर आता वऱ्हाडातही दिसू लागले आहेत. पुढील चाकेही ओढत असल्यामुळे त्यांची पकड निश्चितच अधिक आहे. पण पुढील व मागील टायरांचा मेळ कारखान्याने ठरविलेला असतो. एकाच जोडीचे माप बदलल्यास यंत्रणेवर ताण येतो. आणि जेथे दोन चाकांचा ट्रॅक्टर जाऊ शकत नाही तेथे चार चाकांचा गेला, म्हणजे तेथे त्याने जावे असे ठरत नाही.

रुतलेला ट्रॅक्टर

एक चाक गाऱ्यात व दुसरे टणक जमिनीवर असेल तर शक्ती गाऱ्यातील चाकाकडे वाया जाते व दुसरे चाक स्तब्ध राहते. यासाठी दोन्ही चाके एकत्र बांधणारे डिफरन्शियल लॉकचे पॅडल ट्रॅक्टरवर असते. ते चाक जोराने फिरू लागल्यानंतर दाबू नये, आतील दाते तुटण्याचा संभव असतो. गाऱ्याची जागा समोर दिसताच क्लच दाबून ते लावावे, सरळ रेषेत पार व्हावे आणि वळण्यापूर्वी सोडावे. मध्येच गिअर बदलावा लागणार नाही असा गिअर आधीच निवडावा. इंजिनाचा वेग मध्यम ठेवावा.

चाक जागीच फिरू लागले व ट्रॅक्टर पुढे सरकेनासा झाला की त्याच क्षणी थांबावे. यापुढील प्रत्येक फेरा खड्डा वाढवितो. अवजार किंवा ट्रॉली सोडावी. आलेल्या चाकोरीतूनच सावकाश मागे येण्याचा प्रयत्न आधी करावा, कारण ती माती दबलेली असते. तेवढ्याने न साधल्यास चाकांच्या मागील माती फावड्याने उतरती कापावी व तीत तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या पेंढ्या, फळ्या अथवा जुनी गोणपाटे घालावीत. पऱ्हाट्यांचे खुंट टायरला लागतील असे उभे ठेवू नयेत.

चाकास आडवा लाकडी ओंडका दोराने किंवा साखळीने बांधून ट्रॅक्टर पुढे काढण्याची रीत काही ठिकाणी प्रचलित आहे. ती प्राणघातक आहे. ओंडका जमिनीत अडकला की चाके फिरू शकत नाहीत; मग इंजिनाची सर्व शक्ती ट्रॅक्टरचे धूड आसाभोवती फिरविण्यात जाते. पुढची चाके उचलली जातात आणि चालकाचा पाय क्लचपर्यंत पोहोचण्याच्या आत ट्रॅक्टर त्याच्यावर उलटतो. एखादी गोष्ट दहा वेळा निभावली म्हणून ती अकराव्या वेळी निभावेल असे नाही. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी आसाच्या उंचीवर किंवा बैठकीमागे बांधली तरी हाच प्रकार घडतो. ती नेहमी खालच्या ओढदांड्यासच बांधावी. ओढण्याचा तारदोर लांब व धडधाकट असावा, त्याला हिसका देऊ नये आणि ओढताना मुलेमाणसे दोराच्या लांबीहून अधिक अंतरावर उभी करावीत. तुटलेला तारदोर परत येताना दिसतसुद्धा नाही.

पांदणीतून भरलेली ट्रॉली उतारावर आणताना डाव्या-उजव्या ब्रेकची दोन्ही पॅडले खिटीने जोडलेली असलीच पाहिजेत. एकाच चाकाचा ब्रेक लागल्यास निसरड्या वाटेवर ट्रॅक्टर आडवा फिरतो व मागून ट्रॉली त्याला रेटते.

जमिनीवर होणारा परिणाम

ओल्या काळ्या जमिनीवरून चाक घसरत गेले म्हणजे मातीचा पृष्ठभाग गिलावा केल्यासारखा गुळगुळीत होतो, त्याखालील छिद्रे दाबली जातात आणि पुढचा पाऊस त्या चाकोरीत साचून राहतो. त्या पट्ट्यात तुरीची किंवा हरभऱ्याची मुळे खोल जात नाहीत. खारपाणपट्ट्यात निचरा मुळातच मंद असल्यामुळे हे नुकसान दुप्पट जाणवते. मुगाच्या काढणीनंतर हरभऱ्यासाठी रान तयार करताना, भाद्रपद-आश्विनातील परतीच्या पावसात, ही चूक अधिक होते. कारण ओल उडून जाईल ही भीती शेतकऱ्याला घाईस लावते. भीती खोटी नाही. खारपाणपट्ट्यातील हरभरा साठलेल्या ओलीवरच पोसला जातो. तरीही एक-दोन दिवस थांबून वाफशावर केलेली पेरणी गाऱ्यात केलेल्या पेरणीपेक्षा सरस उगवते. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करावा व कमरेइतक्या उंचीवरून टाकावा. तो फुटून विखुरला तर ट्रॅक्टर न्यावा. चपटा होऊन तसाच राहिला तर ट्रॅक्टर धुऱ्यावरच ठेवावा.

चाकांसाठी शेतात कायमच्या वाटा राखणे हा याहून पुढचा उपाय. रुंद वरंबा व सरी पद्धतीत ट्रॅक्टरची चाके सरीतूनच जातात आणि पीक वरंब्यावर राहते. सरीतून जादा पाण्याचा निचरा होतो, वरंब्याची माती भुसभुशीत राहते आणि सरीतील तळ दबलेला असल्यामुळे चाकाला आधार लवकर मिळतो. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची गावे समाविष्ट होती व तेथे या पद्धतीच्या पेरणीस उत्तेजन देण्यात आले. पेरणी, फवारणी व आंतरमशागत यांसाठी एकाच रुंदीच्या चाकोऱ्या ठेवणे एवढीच त्यात शिस्त लागते. त्यासाठी मागील चाकांचे अंतर सरीच्या अंतराशी जुळवून घ्यावे. बहुतेक ट्रॅक्टरांत तबकडी उलटसुलट बसवून ते बदलता येते.

ज्या शेतात दरवर्षी ट्रॅक्टर फसतो त्या शेताच्या मातीचे परीक्षण करून घ्यावे. सोडियमचे प्रमाण अधिक निघाल्यास अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, १९६९ साली स्थापन झालेले, किंवा तालुका कृषी कार्यालय यांच्या सल्ल्याने जिप्समची योग्य मात्रा द्यावी. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते, चिकण कण पुन्हा एकत्र बांधले जातात आणि पाणी खाली उतरू लागते. शेणखत व हिरवळीचे खत यांनी त्यास हातभार लागतो. अशा जमिनीत वाफसा लवकर येतो. विहिरीचे खारे पाणी परीक्षणाविना सतत देत राहिल्यास नेमके उलटे होते. वर्षागणिक माती अधिक चोपण बनते व ट्रॅक्टरला शेतात शिरण्यासाठी अधिक दिवस थांबावे लागते.

शेतातून निघताना चाकांची माती धुऱ्यावरच खरवडून काढावी. मूर्तिजापूर व अंजनगाव रस्त्यांवर पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेली काळी ढेकळे दुसऱ्या सरीने विरघळतात आणि दुचाकीस्वार त्यांवरून घसरून पडतात. यासाठी एक खुरपे व एक लाकडी फळी ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवणे पुरेसे आहे. दिवसाचे काम संपल्यावर रिंग व व्हॉल्व पाण्याने धुऊन घ्यावेत, कारण वाळलेला काळा गारा दुसऱ्या दिवशी छिन्नीवाचून सुटत नाही.